वाट दिली ती कुणाला

माझे यजमान एकदा काशी करून आले. नंदुरबारला सुरतेकडून येणाऱ्या गाडीत बसले, भुसावळला गाडी बदलली आणि पुढे कुठून कुठे गेले ते त्यांचं त्यांना ठाऊक. परत आल्यावर आळीतली माणसं ओट्यावर गोळा झाली. गुरुजी आता गंगेचं सांगतील, विश्वेश्वराचं सांगतील म्हणून सगळे हात जोडून बसले. यांनी सांगितलं काय, तर भुसावळच्या फलाटावर त्यांच्या वहाणा चोरीला गेल्या त्या कशा गेल्या. गंगा दोन वाक्यांत आटोपली, वहाणा तासभर पुरल्या.

मी तेव्हा हसले, पण नंतर विचार केला तर ते खरंच होतं. जी वाट सरळ पार पडते ती कुणाच्या लक्षात राहत नाही. माणसाला आठवतं ते अडलेलं ठिकाण. आणि एकाच ठिकाणी अडलेली दोन माणसं तीच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगतात, इतकी की ऐकणाऱ्याला वाटावं हे दोन वेगळे प्रवास असतील. मी एका अशा प्रवासाबद्दल लिहिणार आहे. मला अक्षरं लग्नानंतर यांनीच शिकवली. ती याच्यासाठी उपयोगी पडतील असं त्यांना वाटलं नसेल.

प्रवास काही काशीचा नव्हे. माझ्या भावाच्या लग्नाचं वऱ्हाड तापीपलीकडे गेलं, तेवढाच. आमचं गाव म्हसावदपासून तापीच्या अंगाला, काळ्या जमिनीचं. नवरीचं गाव नदी ओलांडून नंदुरबारच्या वाटेवर. नंदुरबारला आगगाडी येऊन बरीच वर्षं झाली होती, पण आमच्या भागात मोटार कुणी पाहिली नव्हती. जायचं ते बैलगाडीने, आणि नदी ओलांडायची ती उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर, पात्रातून. दिवस वैशाखाचे. लग्न गोरज मुहूर्तावर, म्हणजे सूर्य मावळताना. पहाटे निघायचं, दुपारच्या आत नदी पार करायची, पलीकडच्या आमराईत भाकरी खाऊन आडवं व्हायचं आणि उन्हं कलल्यावर वाजत गाजत गावात शिरायचं, असा बेत होता.

वडील थकले होते, ते घरीच राहिले. वऱ्हाडाची धुरा काकांकडे होती. काका म्हणजे मिशीला पीळ देण्यात अर्धं आयुष्य घालवलेला माणूस. आई आम्ही लहान असतानाच गेली. आम्हाला आत्याने वाढवलं, आणि आत्याचा शब्द आम्ही बहिणींनी कधी मोडला नव्हता. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणी आत्याला कैदाशीण म्हणेल. ती तशी नव्हती. आमच्या तापात रात्र रात्र जागलेली बाई होती ती.

माझी थोरली बहीण, तिला मी आक्का म्हणत असे, या लग्नात करवली होती. आमच्यात करवली होणं म्हणजे मिरवणं नव्हे. अंतरपाट धरला की नवरदेवाच्या मागे हातात कऱ्हा घेऊन उभं राहायचं. कऱ्हा म्हणजे पाण्याने भरलेला लहानसा तांब्या, वर विड्याची पानं आणि नारळ. तो लग्न लागेपर्यंत खाली ठेवायचा नाही, हिंदकळू द्यायचा नाही. आणि तो धरणारी बाई सवाष्ण तर हवीच, पण लेकुरवाळीही हवी. मी सवाष्ण होते, पण माझी कूस अजून उजवली नव्हती. म्हणून मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

आक्का लेकुरवाळी होती, पण किती सायासांनी. पहिलं मूल बाळंतपणातच गेलं. मग कितीतरी वर्षं काही नाही, नवससायास, उपास, सासूचे टोमणे. आणि मग हा मुलगा. नुकता रांगायला लागला होता. अंगाने भरलेला, कुणीही उचललं तरी हसणारा, आणि माझ्या नथीवर त्याचा कायम डोळा. मी त्याला घेतलं की आधी नथ काढून पदराला बांधत असे.

निघायच्या आदल्या दिवसापासून त्याचं पोट सुटलं होतं, जुलाब होत होते. आत्याने जायफळ उगाळून चाटवलं आणि म्हणाली, "दात येवाना वखत शे. पोट सुटीच." मीच त्याच्या तोंडात बोट घालून पाहिलं. खालच्या हिरडीत एक दात टोचत होता, तांदळाच्या कणीएवढा. आक्काला मी दाखवला तेव्हा ती इतकी हरखली की पोटाचं विसरली.

पहाटे निघालो. पुढे वाजंत्री, त्यामागे नवरदेवाची दमणी, मग काकांची आणि पुरुषांच्या गाड्या, आणि सगळ्यांत मागे आम्ही बायका. बैलांना झुली, गळ्यात घुंगरमाळा. आक्काचे यजमान, आमचे दाजी, काकांच्या गाडीत. जावई माणूस, मानाचा. त्या काळी बापाने वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं मूल उचलून घेणं, त्याची विचारपूस करणं हे निर्लज्जपणाचं मानत. दाजींनी वाटेत एकदाही मागे वळून पाहिलं नाही आणि त्यात आम्हाला कुणालाच काही वावगं वाटलं नाही. आता आठवलं की वाटतं.

ऊन चढलं तसं मूल मलूल होऊ लागलं. जुलाब चालूच होते. लंगोट बदलायला आमच्याजवळ धडपे उरले नाहीत, मग मी माझ्या जुन्या लुगड्याचा पदर फाडला. तो रडायला लागला तेव्हा आक्काने त्याला छातीशी घेतलं, आणि आत्याने तिचा हात धरला.

"उनमा तपेल दूध शे ते. पाजू नको, पोरी. पोऱ्याले बाधी."

आमच्याकडे ही समजूत पक्की होती, आजही खेड्यापाड्यांत आहे. आई उन्हातून आली की तिचं दूध तापतं, आणि तापलेलं दूध मुलाच्या पोटात विष होतं. आधी सावलीत बसायचं, डोकं-अंग धुवायचं, दोन धारा काढून जमिनीवर टाकायच्या आणि मग पाजायचं. पोट सुटलेल्या मुलाला पाणी तर मुळीच द्यायचं नाही, कारण जे आत जाईल ते बाहेर येईल. "नदी पार व्हऊ दे," आत्या म्हणाली. "आमराईमा बस, अंग धव, मंग पाज." आक्काने मान हलवली. नदी दिसायला लागलीच होती. तासाभराचा प्रश्न होता.

तापीचे काठ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना सांगायला नको. नदी खाली, आणि दोन्हीकडे मातीचे उंच कडे उभे. गाडीवाट काठ फोडून खाली उतरते ती एका घळीतून. दोन्ही बाजूंना भिंतीसारखी माती, मधे एका गाडीपुरती वाट. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरावंच लागतं. म्हणून शहाणा माणूस वरून हाळी देतो आणि खालून उत्तर आलं नाही तरच गाडी घळीत घालतो. आमच्यापुढे वाजंत्री वाजत होती. हाळी कोण देणार आणि कुणाला ऐकू येणार?

नवरदेवाची दमणी घळीत शिरली, मागोमाग काकांची, आणि वळणावर समोरून दुसरं वऱ्हाड वर चढत आलं. तेही वाजत. ते लग्न लावून परतत होते. पहिल्या गाडीत नवरी.

आता दोन वऱ्हाडं समोरासमोर येणं हाच मुळात अपशकुन. त्याला उतारा आहे: दोन्हीकडच्यांनी एकमेकांना नारळ द्यायचा, हसून रामराम करायचा आणि एकाने बाजूला होऊन दुसऱ्याला वाट द्यायची. नारळ दोन्हीकडे होते. पण आधी नारळ द्यायचा कुणी? जो आधी देतो तो खालचा ठरतो. त्याच्या घरच्या लग्नाला कमीपणा येतो, तो त्याला जन्मभर ऐकवला जातो.

"पाव्हनं, तुमनी गाडी मांगे ल्या," आमचे काका म्हणाले. "नवरदेवनी गाडी मांगे फिरस नही."

"आम्ही नवरी लई चालनूत," तिकडून उत्तर आलं. "लक्ष्मी तरी मांगे फिरस का?"

दोघांचंही खरं होतं, हीच पंचाईत. वाजंत्री थांबली. बैल सोडून गाड्या हाताने मागे ढकलणं कष्टाचं होतं, पण वीस-पंचवीस गड्यांना काय जड? ते कुणी बोललंच नाही. पुरुष गाड्यांतून उतरले आणि एकमेकांकडे बघत उभे राहिले. मग कुणाच्या पणज्याने कुणाच्या पणज्याला कुठल्या जत्रेत वाट दिली नव्हती इथपर्यंत बोलणं गेलं.

आमची गाडी काठावर, घळीच्या तोंडाशी, उन्हात. जवळ झाड म्हणाल तर एक बाभूळ, तिचीही सावली पायाशी गोळा झालेली. खाली नदीचं पाणी चकाकत होतं. एवढं जवळ, की पात्रातल्या म्हशींचे कान दिसत होते. पण तिथे जायला वाट ती एकच, आणि ती पुरुषांनी आणि गाड्यांनी भरलेली.

आक्काने गाडीवानाला निरोप देऊन पाठवलं, लेकराला बरं नाही, काय ते लवकर करा. गाडीवान जाऊन आला. दाजींनी सांगितलं होतं, "बाईस्ले सांग, दम धरा. आते हटतीन त्या."

आते हटतीन. हे दोन शब्द त्या दुपारी किती वेळा ऐकले. दर वेळी वाटायचं, खरंच हटतील, आत्ता बैल जुंपतील, आत्ता चाक फिरेल. सरळ कुणी सांगितलं असतं की आज ही वाट मोकळी होत नाही, तर आम्ही काहीतरी केलं असतं. मागच्या गावी फिरलो असतो. पण आता होईल, आता होईल म्हणत माणूस जागचा हलत नाही.

डेऱ्यात थोडं पाणी उरलं होतं. आक्काच्या डोक्यावर ओतून निदान तिला पाजू तरी द्यावं असं माझ्या मनात आलं आणि मी तसं बोललेही. तेवढ्यात पुढून माणूस आला. नवरदेवाच्या बैलांच्या तोंडाला फेस आला होता. बैल बसले तर त्याहून मोठा अपशकुन. डेरा तो घेऊन गेला.

मी म्हटलं, "आक्का, चल, आपण पायी जाऊ. काठाकाठाने कुठूनतरी उतरू." ती उठली. एक पाय चाकावर टेकवला. आत्या म्हणाली, करवलीने वऱ्हाड सोडून पायी चालत जायचं? कऱ्हा कोण धरील? परक्या पुरुषांच्या घोळक्यातून घरची लेक जाईल तर तुझा नवरा काय म्हणेल? आक्काने तरी पुन्हा गाडीवानाला पाठवलं, पायी जाऊ का विचारायला. उत्तर तेच आलं. या खेपेला गाडीवानाने आणखी सांगितलं की सगळ्यांत चढ्या आवाजात दाजीच बोलत आहेत आणि काका त्यांच्या पाठीवर थाप देत आहेत. आक्काने पाय आत घेतला.

मुलाचं रडणं एव्हाना थांबलं होतं. पहिल्यांदा आम्हाला बरं वाटलं, झोपला म्हणून. मग मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला तर टाळू खोल गेली होती, माझ्या बोटाचं पेर बसेल एवढी. ओठ सुकलेले. डोळे अर्धे उघडे. मी आत्याचा हात धरून तिथे टेकवला. आत्याने हात मागे घेतला आणि देवाचं नाव घ्यायला लागली. पाज असं ती तेव्हाही म्हणाली नाही. त्या समजुतीचा मला आजही राग येतो. दूध होतं, मूल होतं, आई होती. मधे काही नव्हतं.

त्याच वेळी काठाच्या कडेने, काट्यांतून, एक बाई आमच्या गाडीपाशी आली. हळदीचं लुगडं, घामाने थबथबलेली. ती दुसऱ्या वऱ्हाडातली होती. परक्या वऱ्हाडातली बाई आमच्याकडे येते म्हणून आमच्या दोघी-तिघींनी तोंडं फिरवली.

"पानी शे का वं बाई, जरासं?" ती म्हणाली. "आमनी नवरीले चक्कर ई ऱ्हायनी."

आमच्याकडे पाणी नव्हतं. तसं सांगणार तोच तिने आक्काच्या मांडीवर पाहिलं. ती वाकली, मुलाच्या टाळूवर हात ठेवला.

"कवयपाईन शे हाई?"

"सकायपाईन," आक्का म्हणाली.

बाईने पुढे काही विचारलं नाही. "मी सांगसू मन्हा सासराले," एवढंच बोलली आणि आली तशी काट्यांतून खाली गेली. तिच्या पदराचा एक तुकडा बाभळीला अडकून राहिला.

नंतर घळीत काय झालं ते मी स्वतः पाहिलं नाही, गाडीवानाने पाहिलं. त्यांच्यातला एक म्हातारा पुढे आला. बराच वेळ चाललेली बोलाचाली त्याने हात वर करून थांबवली, धोतराच्या ओच्यातून नारळ काढला आणि काकांच्या हातात ठेवला. "ल्या भाऊ. तुमना मान पहिला." मग त्यांच्याच गड्यांनी नवरीला उतरवलं, बैल सोडले, चाकांखाली दगड लावत लावत सगळ्या गाड्या एकामागून एक खाली नदीच्या वाळूत नेल्या. आमच्या लोकांनी आरोळी ठोकली. वाजंत्री एकदम सुरू झाली. काकांनी फेटा सारखा केला.

ती वाजंत्री सुरू होण्याच्या थोडं आधी आक्काने माझ्याकडे पाहिलं होतं. मी मुलाच्या नाकाशी बोट धरलं. पुष्कळ वेळ धरून ठेवलं.

आमची गाडी घळ उतरून वाळूत आली. दुसरं वऱ्हाड एका बाजूला उभं होतं, त्यांची नवरी पाण्याच्या कडेला बसली होती आणि तिच्या डोक्यावर कुणी पाणी ओतत होतं. ती मघाची बाई धावत आमच्या गाडीजवळ आली आणि चाकाबरोबर चालू लागली. "बाई, मन्हा सासरानी वाट दिनी. लेकरूसाठे दिनी," ती म्हणाली. "पाज आते त्याले. पाज." आक्काने पदर मुलाच्या तोंडावरून पुढे ओढला आणि बाईकडे बघून मान हलवली, हो, पाजते. बाई हसली आणि मागे राहिली. मला वाटतं तिला अजूनही ठाऊक नसेल.

आमराईत आत्याने आक्काला शेवटच्या झाडामागे नेलं. मीही गेले. आक्काचं तोंड उघडलं होतं पण त्यातून आवाज निघत नव्हता, आणि आत्याने आपला पदर तिच्या तोंडात कोंबला.

"रडू नको, माय. भाऊनं लगीन लागू दे. दात नही येल लेकरूनं सुतक ऱ्हास नही."

दात न आलेल्या मुलाचं सुतक नसतं, हे खरं आहे, शास्त्र आहे. पण दात आला होता. आदल्या दिवशी पोट सुटलं ते दातामुळे, असं आत्याच म्हणाली होती. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि तिने मान फिरवली. आणखी एक गोष्ट आम्हा तिघींनाही कळत होती आणि कुणी बोललं नाही. आक्का आता लेकुरवाळी राहिली नव्हती. वऱ्हाडात दुसरी करवली नव्हती. आत्याच्या जिवाला माझ्या भावाच्या लग्नाची भीती पडली होती. आईवेगळ्या मुलाचं लग्न तिच्या डोळ्यांदेखत मोडलं असतं.

नवरीच्या गावात आम्हाला उतरायला एक धाब्याचं घर दिलं होतं. तिथल्या आतल्या खोलीत आत्या मुलाला मांडीवर घेऊन बसली, अंगावर दुलई, जणू झोपवतेय. कुणी डोकावलं तर बोट ओठांवर ठेवायची. मी आक्काला नेसवलं, तिच्या केसांत फूल माळलं, कपाळावर कुंकू लावलं. तिचं अंग थंड पडलं होतं. मी लावीन ते ती लावून घेत होती.

सूर्य टेकला तेव्हा अंतरपाट धरला. आक्का नवरदेवाच्या मागे उभी राहिली, हातात कऱ्हा. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. मी तिच्या शेजारी उभी होते, ती पडली तर धरायला. ती पडली नाही. कऱ्ह्यातलं पाणी हललं नाही. चार हातांवर दाजी उभे होते, फेट्यात तुरा, नदीवरच्या विजयाने अजून फुललेले, आणि शेजारच्या पाहुण्याला काहीतरी सांगत होते.

तिसऱ्या की चौथ्या मंगलाष्टकाला माझं लक्ष गेलं. आक्काची चोळी समोरून भिजत चालली होती. दोन्ही बाजूंनी. दिवसभराचं दूध. तिचे हात कऱ्ह्यात गुंतलेले, पदर पुढे ओढायला मोकळे नव्हते. मी हळूच तिचा पदर सारखा केला, पण नवरीकडच्या एका म्हाताऱ्या बाईने ते पाहिलं होतं. ती जवळ सरकली आणि मायेने, अगदी मायेने आक्काच्या कानाशी म्हणाली, "पोरी, तुन्हा लेकरूले भूक लागनी व्हई. लगीन लागनं का जाय, पाजी ये."

आक्का म्हणाली, "जास."

अक्षता पडल्या. वाजंत्री कडाडली. आक्काने कऱ्हा खाली ठेवला आणि सरळ चालत त्या आतल्या खोलीत गेली, आणि आत्याच्या मांडीवरून मूल उचलून तिने त्याला छातीला लावलं. आत्याने या वेळी अडवलं नाही.

काकांना आणि दाजींना नंतर कळलं. आत्याने एवढंच सांगितलं की नदी ओलांडल्यावर लेकरू दगावलं, दात येताना होतं असं. दाजी दारात उभे राहिले, आत आले नाहीत. पहाटे नदीच्या काठाला पुरून आले. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच वाटेने नवी नवरी घेऊन परतलो, आणि घळ चढताना काकांनी आधी माणूस पाठवून हाळी द्यायला लावली.

इथपर्यंतचा प्रवास माझा. आता त्यांचा सांगते.

आमच्या घराण्यात त्यानंतर जितकी लग्नं झाली तितक्यांत ही गोष्ट सांगितली गेली. काका सांगायचे, आणि काका थकल्यावर दाजी. हो, दाजीसुद्धा. तापीच्या घळीत समोरचं वऱ्हाड कसं अडवलं, कसे ताठ उभे राहिलो, आणि शेवटी त्यांच्या म्हाताऱ्याने स्वतः येऊन कसा नारळ दिला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसं ते होतं. दाजी नारळापर्यंत यायचे आणि तिथे थांबायचे. त्यापुढचं ते कधी सांगत नसत. मला वाटतं, त्या दिवसात काहीतरी जिंकलं होतं असं त्यांना धरून ठेवावं लागत होतं. माणूस म्हणून मला त्यांची कीव येते. पण आक्का प्रत्येक वेळी त्या पंगतीत वाढत असायची, आणि मला त्याचा संताप यायचा.

आक्काला पुन्हा मूल झालं नाही. त्यावरून तिला कुणी बोलायचं राहिलं नाही. दाजींनी दुसरी केली नाही, एवढं मात्र त्यांच्या पदरात टाकलं पाहिजे.

माझ्या भाचीचं, म्हणजे त्याच लग्नातून आलेल्या वहिनीच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हाची गोष्ट. साखरपुड्याची पंगत बसली होती. नवे व्याही कौतुकाने ऐकत होते आणि दाजी नारळापर्यंत आले होते. "अन् मंग त्यास्नी वाट दिनी," ते म्हणाले. "आमले."

आक्का वरणाचं भांडं घेऊन त्यांच्या पुढ्यात वाकली होती. ती तशीच थांबली. आवाज चढवला नाही, कुणाकडे पाहिलंही नाही.

"तुमले नही दिनी," ती म्हणाली. "मन्हा लेकरूले दिनी. त्यास्ना वऱ्हाडनी बाईनी माले सांगं व्हतं."

काका तेव्हा हयात नव्हते. नव्या व्याह्यांना काही कळलं नाही, ते एकदा हिच्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघू लागले. दाजींचा घास हातात होता. तो त्यांनी ताटात परत ठेवला. "कोनता लेकरूले?" त्यांनी विचारलं, पण विचारता विचारताच त्यांना कळलं, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं, की ती वाट मुलासाठी दिली होती, आणि मूल नदी ओलांडल्यावर नव्हे तर घळीच्या तोंडाशीच, वाट अडलेली असताना गेलं होतं.

आक्काने त्यांना वरण वाढलं आणि पुढच्या पानाकडे गेली.